नवी किडनी घेऊन घरी आल्यावर

कोल्हापूर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

टाके वाळले, डिस्चार्ज मिळाला, घरी आलास. इथून पुढं सर्जनपेक्षा तुझ्या हातात जास्त आहे. तुझं शरीर या किडनीला कधीच आपली म्हणणार नाही; गोळ्या चालू आहेत तोवरच ते गप्प राहील. वर्षभर सुरळीत गेलं की "आता बरा झालो" म्हणून गोळ्यांत ढिलाई होते, तरुण पोरांत जास्तच. चांगल्या बसलेल्या किडन्या अशाच जातात.

टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराला किडनी नाकारू न देणारी गोळी, दर १२ तासांनी. सकाळी आठ, तर रात्रीही आठ. जेवणाशी अंतरही रोज सारखंच. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नकोस, डॉक्टरांना फोन कर. रक्तातली तिची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी खिशात घालून लॅबमध्ये जा. आधी रक्त द्यायचं, मग गोळी. घरूनच घेऊन गेलास तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावरून डोस कमी केला जातो आणि किडनीचं संरक्षण कमी पडतं. मेडिकलवाला "कंपनी वेगळी, औषध तेच" म्हणाला तरी विचारल्याशिवाय बदलू नकोस. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. पपनस खाल्लं किंवा जुलाब लागले तरी रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं, म्हणून जुलाबाचा फोन त्याच दिवशी.

एक वही कर: सकाळचं वजन, बीपी, ताप, दिवसाची लघवी. किडनी नाकारली जाते तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.१ वरून १.४ झालं तर "थोडंच आहे" म्हणून आठवडा काढू नकोस. ताप १०० च्या वर गेला तर घरी क्रोसिन घेऊन झोपायचं नाही.

आता आपल्या गावाचं. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून देतात, ते दूध तुला बंद. कच्च्या दुधातल्या जंतूंशी लढायची ताकद या गोळ्यांनीच कमी केली आहे. उकळलेलं खुशाल पी. मटण पूर्ण शिजलेलं, रश्श्यात मीठ बेतानं. तालमीत जाऊन बस, पण कुस्ती नाही: मूळच्या किडन्यांना बरगड्यांचा आडोसा असतो, ही मात्र पोटाच्या खालच्या बाजूला, कातडीच्या जवळ आहे. आणि जुलै उजाडायच्या आत महिनाभराच्या गोळ्या घरात हव्यात. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं महामार्गच बंद पडला होता. पुराच्या पाण्यात पाय घालू नकोस, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाची) भीती आहे.

तुझी किडनी पुण्याच्या अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीतून आली. अनोळखी माणसांनी आपलं माणूस गेलेलं असताना होकार दिला म्हणून आली. त्यांचं नाव तुला कळणार नाही, शोधूही नकोस. पण तालीम मंडळात, पाहुण्यांत लोक तुला विचारतील, तेव्हा नीट सांगता यायला हवं. असा दाता ब्रेनडेड असतो, म्हणजे त्याचा मेंदू कायमचा थांबलेला असतो; हा कोमा नव्हे. तिथून कुणी परत येत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासतं, आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात. अवयव काढल्यावर शरीर टाके घालून सन्मानानं घरच्यांना परत मिळतं. एका दात्याकडून आठ जणांपर्यंत जीव वाचू शकतात. अवयवदानाचं नोंदणी कार्ड जरूर काढावं, पण प्रत्यक्षात होकार घरच्यांचाच घेतात, म्हणून जेवायला बसल्यावर हा विषय काढायला सांग.

घरी मृत्यू आला तर किडनी, यकृत देता येत नाही, डोळे देता येतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढावे लागतात. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा आणि लगेच नेत्रपेढीला फोन लावायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं किंवा चष्मा असला तरी चालतं.

तुझा,
काका