क्विझलेटवरची शब्दांची कार्डं अंकीत नेली तर आतापर्यंतचा अभ्यास पुसला जातो का?

हो, जातो. क्विझलेट आणि अंकी ही दोन्ही कार्डं करून शब्द पाठ करायची ॲप्स. शब्द आणि अर्थ येतात, पण कोणतं कार्ड तुम्हाला किती पक्कं येतं याची नोंद येत नाही. तुम्ही पुढे ‘की सरळ तयार डेक (दुसऱ्याने केलेला कार्डांचा गठ्ठा) उतरवून घेऊ?’ असंही विचारलंय, म्हणून लिहायला बसले. त्यावरून माझं आणि मामेभावाचं दोन वर्षं वाजतंय.

मी गोव्यातल्या फोंड्याजवळची. पोर्तुगीज शिकायला घेतली ती आजोबांच्या पेटीतले कागद वाचायला. आमच्या कुळागराचा, म्हणजे पोफळी-नारळीच्या बागेचा, 1938 चा दस्त पोर्तुगीजमध्ये आहे आणि तो वाचू शकणारं घरात आता कुणी उरलं नाही. दस्तातला शब्द वहीत उतरवायचा, वकिलांकडून अर्थ पक्का करायचा, मग कार्ड करायचं. अशी 1140 कार्डं झाली. मामेभाऊ म्हणे, एवढी बोटं कशाला झिजवतेस, हजारो शब्दांचा तयार डेक एका मिनिटात उतरतो.

अंकीत आणताना माझे दोन संच होते, एक दस्ताचा आणि एक रोजच्या बोलण्याचा. आधी दस्ताचा घेतला, मग दुसरा. ‘प्रेदिउ’ हा शब्द दोन्हींत होता. दस्ताच्या संचात अर्थ ‘मिळकत, जमीनसुद्धा’, दुसऱ्यात ‘इमारत’. पहिल्या रकान्यातला शब्द जुळला की अंकी नवं कार्ड करत नाही, असलेल्या कार्डावरच नवा अर्थ चढवतं. तसं नको असेल तर इम्पोर्ट करताना ‘अपडेट’च्या जागी ‘डुप्लिकेट’ निवडायचं असतं. मी तो पर्याय वाचलाच नाही. दस्तातला अर्थ गेला आणि मला पत्ताही नाही.

चवथीला सगळे जमलो. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून दस्त उघडला. मामेभाऊ म्हणाला, “हा कागद घराचा गे, कुळागराचा नव्हे. प्रेदिउ म्हणजे बिल्डिंग.” मी मोबाइल काढला तर माझ्याच कार्डावर ‘इमारत’! क्षणभर मीही गप्प झाले. मग आत जाऊन वही आणली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘प्रेदिउ रूश्तिकु म्हणजे शेतजमीन, बागायत. घर असतं तर प्रेदिउ उर्बानु.’ खाली चतुःसीमा होत्या. नाशेंत, म्हणजे पूर्वेला, ओहोळ. पुयेंत, म्हणजे पश्चिमेला, पायवाट. आमच्या घराच्या पूर्वेला ओहोळ नाही, विहीर आहे. मामांनी ते पान दोनदा वाचलं आणि दस्त परत घडी घालून माझ्या हातात दिला.

तेव्हा तयार डेक घेऊ नका. दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी काढलेले अर्थ तुमच्या कागदाला लागू पडत नाहीत. कार्डं तुमचीच न्या.

क्विझलेटवर संच उघडून तीन ठिपक्यांतून एक्स्पोर्ट करा. शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये टॅबच ठेवा, स्वल्पविराम नको, कारण अर्थांत स्वल्पविराम असतातच. मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा आणि संगणकावरच्या अंकीत इम्पोर्ट करा. एक्सेलच्या वाटेला जाऊ नका, साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

अंकी मुळात रोज 20 नवी कार्डं दाखवतं, म्हणजे माझ्या 1140 ना 57 दिवस. येणारे शब्द पुन्हा पहिल्यापासून घोकायची गरज नाही. ब्राउझमध्ये ती कार्डं निवडून ‘सेट ड्यू डेट’मध्ये 10-60 लिहा, ती पुढच्या 10 ते 60 दिवसांत विखुरली जातात.

चित्रं आणि आवाज या वाटेने येत नाहीत, ते हाताने घालावे लागतात. अंकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. आणि तुम्हाला नुसतं फिरायला जाण्यापुरतं शिकायचं असेल तर तयार डेकनेही भागेल. मामेभाऊ पर्यटकांशी माझ्यापेक्षा चांगलं बोलतो, हे खरं आहे.