बेळगावहून नवरा-बायको दोघांनीच दक्षिणेत जाताय? एवढं बघा

पहिल्याच खेपेला कन्याकुमारी, रामेश्वर, मदुराई सगळं कोंबू नका. हंपी आणि बदामी, चार-पाच दिवस, पुरे. हात बसला की तमिळनाडू.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. बेळगावहून जागा नसेल तर हुबळीहून बघा. गाड्या जास्त, आणि बसने साधारण दोन तास. रात्री बारानंतरच्या गाडीची तारीख नीट वाचा. सोमवारी रात्री साडेबाराची गाडी म्हणजे तिकीट मंगळवारचं! नवखे हमखास इथेच फसतात. ऑनलाइन तिकीट चार्ट (प्रवाशांची अंतिम यादी) लागल्यानंतरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं, आरएसीवर (बसायला जागा, बर्थ रिकामा झाला तरच) मात्र चढता येतं.

बसचं सोपं. वहिनींच्या आधारकार्डावर कर्नाटकातला पत्ता असेल तर महिलांसाठीच्या शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट शून्य रुपयांचं. राजहंस (निमआराम), स्लीपर, एसीत नाही. हंपीजवळच्या होसपेटे स्टेशनाहून हंपी तेरा किलोमीटर, लोकल बस मिळते. ऑटो कशाला?

पुढे तमिळनाडूत गेलात की देवळं दुपारी बंद असतात, साधारण साडेबारा ते चार. तेव्हा प्रवास ठेवा. केरळात उतरलात तर तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना धोतर लागतं. एक बॅगेत टाकाच. सामान माणशी एकच बॅग, बसच्या गर्दीत दुसरी सांभाळता येत नाही.