अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार आधी काय करत असतात? सगळे वकील आणि पैसेवालेच का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहणारे लोक त्याआधी काय कामधंदा करत होते, आणि वकील व श्रीमंत सोडून तिथे कुणाचा निभाव लागतो का. माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राज्यघटनेच्या अटी तीनच: जन्माने नागरिक, वय किमान 35 आणि देशात 14 वर्षं वास्तव्य. शिक्षणाची अट नाही, अनुभवाचीही नाही. तरी वकिलांबद्दलची तुमची शंका खरी आहे. आजवरच्या अध्यक्षांपैकी निम्म्याहून अधिक जण वकिली शिकलेले किंवा केलेले होते. याचं एक साधं कारण म्हणजे वकिलाला निवडणूक हरल्यावर परत आपल्या कामावर जाता येतं. दुसरं कारण आपल्याला चटकन सुचत नाही. तिथे बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा सरकारी वकील आणि राज्याचा महाधिवक्ता लोकांच्या मतांवर निवडून येतो. म्हणजे कोर्टात उभं राहणं आणि प्रचारात उभं राहणं एकाच नोकरीत शिकायला मिळतं. कमला हॅरिस याच वाटेने वर आल्या: सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी वकील, मग कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्ता, मग 2017 साली सिनेटर (म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या सदस्य), पुढे उपाध्यक्ष आणि 2024 साली उमेदवार.

दुसरी मोठी वाट राज्याच्या गव्हर्नरपदाची. हा आपल्याकडचा राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्र्यासारखा निवडून आलेला राज्याचा प्रमुख. कार्टर, रीगन, क्लिंटन आणि धाकटे बुश हे सगळे गव्हर्नर होते. तिसरी लष्कराची. वॉशिंग्टनपासून ग्रँट आणि आयझेनहॉवरपर्यंत अनेक सेनापती थेट तिथे पोचले. पण आयझेनहॉवरनंतर एकही जनरल अध्यक्ष झालेला नाही. ना लष्कर, ना कुठलं सरकारी पद अशा कोऱ्या पाटीवर निवडून आलेले पहिले अध्यक्ष म्हणजे 2016 सालचे डोनाल्ड ट्रम्प.

एवढं तुम्हाला कुठेही सापडेल. मला जे खरं सांगायचंय ते वेगळं आहे. उमेदवाराची पार्श्वभूमी आणि उमेदवार स्वतःबद्दल सांगतो ती पार्श्वभूमी, या दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही वाचाव्या लागतात.

1840 सालचे विल्यम हेन्री हॅरिसन घ्या. विरोधी बाजूच्या एका वर्तमानपत्राने त्यांची टिंगल केली की या म्हाताऱ्याला थोडी पेन्शन आणि पिंपभर सफरचंदाची दारू द्या, तो आपल्या लाकडी खोपटात सुखाने पडून राहील. हॅरिसन यांच्या माणसांनी ती टिंगलच उचलली. मिरवणुकांतून लाकडी खोपटं निघाली, गाणी झाली, साधा शेतकरी गडी म्हणून हॅरिसन निवडून आले. प्रत्यक्षात ते व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदाराच्या वाड्यात जन्मले होते, आणि त्यांच्या वडिलांची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे.

लिंकन यांचं खोपटं खरं होतं. केंटकीतलं, 1809 सालचं. सगळं मिळून त्यांची शाळा एक वर्षाचीही झाली नसेल. पण 1860 च्या मे महिन्यात इलिनॉयमधल्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांच्या नातलगाने कुंपणाचे दोन जुने ओंडके आणून उभे केले, हे लिंकनने तरुणपणी फोडलेले म्हणून, आणि त्या दिवसापासून ते ‘ओंडके फोडणारा’ उमेदवार झाले. त्या वेळी मात्र ते राज्यातल्या नावाजलेल्या वकिलांपैकी एक होते. एका रेल्वे कंपनीच्या खटल्यात त्यांनी 5000 डॉलर फी घेतली होती, आणि ती मिळवण्यासाठी त्याच कंपनीवर दावा लावला होता. ओंडकेही खरे आणि फीही खरी. प्रचारात ओंडके तेवढे दिसले.

जिमी कार्टर यांचंही तसंच. 1976 साली जगाला दिसला तो जॉर्जियातल्या प्लेन्स गावचा भुईमूग पिकवणारा शेतकरी. तो होताच, वडील गेल्यावर 1953 साली नौदल सोडून त्याने घरचा धंदा सांभाळला. पण त्याआधी तो पाणबुडीवरचा अधिकारी होता आणि अणुपाणबुड्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामात होता. नंतर राज्याच्या सिनेटमध्ये आणि गव्हर्नरच्या खुर्चीतही बसला. त्याच्या घरची एक गोष्ट आपल्या जवळची आहे. त्याची आई लिलियन परिचारिका होती. वयाच्या 68 व्या वर्षी ती पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे भारतात आली आणि विक्रोळीत राहून रुग्णसेवा करून गेली. मुंबईच्या लोकलने विक्रोळीवरून जाताना मला अजून तिची आठवण होते.

आता ज्या माणसामुळे मी या विषयात शिरलो, त्याच्याकडे येतो. कामानिमित्त मी काही वर्षं कॅन्सस सिटीत होतो. शहराला लागूनच इंडिपेंडन्स नावाचं गाव आहे, हॅरी ट्रुमन यांचं. त्यांचं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे. पांढरं लाकडी घर, तेही मूळ सासुरवाडीचं. आत त्यांची टोपी आणि कोट अजून टांगलेले आहेत. मी तिथे तीनदा गेलो. महासत्तेचा अध्यक्ष इथे राहायचा यावर पहिल्या खेपेला माझा विश्वास बसेना.

ट्रुमन यांच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. त्यांच्यानंतर पदवी नसलेला एकही अध्यक्ष झाला नाही. रेल्वेच्या बांधकामावर हजेरी लिहिणं, बँकेत कारकुनी, मग दहाएक वर्षं घरची शेती. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये तोफखान्याचे कॅप्टन होते. परत आल्यावर 1919 साली लष्करातल्या मित्राबरोबर कॅन्सस सिटीत पुरुषांच्या शर्ट, टाय, टोप्यांचं दुकान थाटलं. 1922 साली मंदीत ते बुडालं. दिवाळं जाहीर करून मोकळं होता आलं असतं, पण ट्रुमन यांनी ते केलं नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं ते कर्ज फेडत राहिले. सिनेटर झाले तेव्हाही दुकानाचं देणं डोक्यावर होतंच. लिंकन यांचंही न्यू सेलम गावातलं दुकान असंच बुडालं होतं, आणि भागीदार वारल्यावर त्याच्या वाट्याचं कर्जसुद्धा त्यांनी वर्षानुवर्षं फेडलं. उमेदवाराचा जीवनक्रम चाळताना माझी नजर आता आपोआप अशा जागेवर जाते: हा माणूस कधी तोंडावर पडला होता का, आणि त्यानंतर त्याने काय केलं?

पण ट्रुमन यांची दुसरी बाजू झाकून ठेवणं मला पटणार नाही. दुकान बुडालं त्याच वर्षी ते जॅक्सन काउंटीचे ‘जज’ म्हणून निवडून आले. नाव जजचं, काम आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या पदाधिकाऱ्याचं: रस्ते, इमारती, जमाखर्च. हे तिकीट टॉम पेंडरगास्ट या शहरातल्या राजकीय दादाने दिलं होतं. हाच दादा 1939 साली आयकर चुकवल्याबद्दल तुरुंगात गेला. ट्रुमन यांनी स्वतः पैसे खाल्ल्याचं कधी दिसलं नाही, त्यांनी बांधलेल्या रस्त्यांचं नाव झालं, पण दादाशिवाय ते कुठेच पोचले नसते हेही तितकंच खरं. सिनेटमध्ये त्यांना पेंडरगास्टचा सिनेटर म्हणून हिणवायचे. ती ओळख पुसली गेली 1941 पासून, लष्करी कंत्राटांतली उधळपट्टी शोधणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांनी निभावलं तेव्हा. हिशेब तपासायची सवय काउंटीच्या जमाखर्चातून आली होती, असं मला वाटतं. 12 एप्रिल 1945 ला रूझवेल्ट वारले आणि जेमतेम तीन महिने उपाध्यक्ष असलेला हा माणूस अध्यक्ष झाला. 1948 साली समोर होते थॉमस ड्यूई: कोलंबियाची कायद्याची पदवी, गुन्हेगारी टोळ्यांना तुरुंगात धाडणारे सरकारी वकील, न्यूयॉर्कचे गव्हर्नर. कागदावर तुलनाच नव्हती. ट्रुमन जिंकले.

पैशाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, 1953 साली ट्रुमन घरी परतले तेव्हा माजी अध्यक्षांना पेन्शन नव्हती. त्यांना मिळायची ती लष्कराची, महिन्याला 112 डॉलरच्या आसपास. माजी अध्यक्षांच्या पेन्शनचा कायदा 1958 साली झाला. उलट रूझवेल्ट आणि केनेडी गर्भश्रीमंत होते. पैसा हवाच असतो, प्रचार प्रचंड महाग आहे, पण स्वतःचा पैसा पुरत नाही. उद्योगपती रॉस पेरो यांना 1992 साली जवळपास 19 टक्के मतं पडली, पण अध्यक्ष शेवटी ज्या राज्यवार प्रतिनिधींच्या मतांवर ठरतो त्या निवडणूक मंडळातलं एकही मत मिळालं नाही. मायकेल ब्लूमबर्ग यांनी 2020 साली पदरचे सुमारे 100 कोटी डॉलर ओतले आणि उमेदवारीच्या लढतीत अमेरिकन सामोआ एवढं एकच ठिकाण जिंकलं.

भरगच्च अनुभवावरही फार भिस्त ठेवू नका. जेम्स ब्यूकॅनन खासदार, सिनेटर, रशिया आणि ब्रिटनमधले राजदूत, परराष्ट्रमंत्री असं सगळं होऊन 1857 साली अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली. इतिहासकार त्यांना तळाच्या रांगेत बसवतात. त्यांच्यामागून आलेल्या लिंकनच्या गाठीशी राज्याच्या विधिमंडळातली आठ वर्षं आणि काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, एकच मुदत होती. हर्बर्ट हूवर तर अनाथ मुलगा, खाणींचा जगभर फिरलेला इंजिनियर, पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या उपाशी लोकांपर्यंत धान्य पोचवणारा माणूस. अध्यक्ष झाले त्याच वर्षी, 1929 साली, शेअर बाजार कोसळला आणि मंदीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

हरलेल्यांची नावं आपण विसरतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच जास्त आहे. युजीन डेब्स चौदाव्या वर्षी रेल्वेच्या कारखान्यात लागले, कामगार पुढारी झाले आणि पाच वेळा अध्यक्षपदाला उभे राहिले. 1920 साली युद्धविरोधी भाषणाबद्दल ते अटलांटाच्या तुरुंगात होते, तिथूनच निवडणूक लढवली आणि नऊ लाखांहून जास्त मतं घेतली. ब्रुकलिनच्या शर्ली चिझम बालवाडीच्या शिक्षिका होत्या. काँग्रेसमध्ये निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला, आणि 1972 साली त्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उतरल्या. त्या स्पर्धेतल्या जॉर्ज वॉलेस या वंशभेदी पुढाऱ्याला गोळ्या लागल्या, तेव्हा त्या त्याला भेटायला इस्पितळात गेल्या. स्वतःच्या समर्थकांचा रोष त्यांनी पत्करला. हा प्रसंग मला त्यांच्या कुठल्याही पदापेक्षा मोठा वाटतो.

भारतीय वंशाचे उमेदवारही आता नवे राहिले नाहीत. बॉबी जिंदल आणि निकी हेली यांची घरं पंजाबी, विवेक रामस्वामी यांचे आईवडील केरळचे, हॅरिस यांची आई चेन्नईची. यातलं हेली यांचं आयुष्य मला आवडतं: साउथ कॅरोलिनातल्या छोट्या गावात आईचं कपड्यांचं दुकान, तेराव्या वर्षापासून तिथला हिशेब लिहिणं, मग अकाउंटिंगची पदवी, आमदारकी, आणि 2011 ते 2017 गव्हर्नरपद.

मराठी माणसाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात येतंच. बेळगावात वाढलेले, रसायनशास्त्रात पीएचडी केलेले, धंद्यात एकदा सगळं गमावून पुन्हा उभे राहिलेले श्री ठाणेदार 2023 पासून मिशिगनचे खासदार आहेत. त्याआधी 2018 साली ते तिथल्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठीही लढले होते. पण त्यांचा जन्म भारतातला, त्यामुळे अध्यक्षपदाचं दार घटनेनेच त्यांना बंद आहे. तिथे जन्मलेल्या मराठी मुलांना ते उघडं आहे, आणि त्यातली बरीच जण एव्हाना पस्तिशीच्या पुढे गेली आहेत.