सुकती किती वाजता असेल?

डिचोलीहून एका वाचकाचे पत्र आले आहे. पत्र चार पानी असल्यामुळे महत्त्वाचा भाग तेवढा येथे देते.

"आदरणीय ताई, लग्नाला बारा वर्षे झाली. पत्नीचे माहेर काणकोण तालुक्यातले. या वेळी १९ डिसेंबरचा मुक्तिदिन शुक्रवारी आल्यामुळे सलग तीन दिवस सुट्टी मिळाली, म्हणून मुलीला आईकडे ठेवून आम्ही दोघांनीच गोव्याचा सगळा किनारा पाहावा असा बेत मी आखला. शुक्रवारी केरी, हरमल, मोरजी, शापोऱ्याचा किल्ला, वागातोर आणि हणजूण. शनिवारी कोळवा, बेतूल, आगोंद, पाळोळे आणि सूर्यास्ताला काब द रामचा किल्ला. रविवारी बोगमाळो, दोना पावल आणि आग्वाद. कुठे किती वेळ थांबायचे ते आधीच कागदावर लिहून काढले होते, त्यामुळे एकही ठिकाण चुकले नाही. पाळोळ्याला ती 'सुकती किती वाजता असेल?' असे दोनदा विचारत होती, पण तिथे चाळीसच मिनिटे ठेवली होती आणि आणखी थांबलो असतो तर सूर्यास्त हुकला असता. काब द रामला मात्र तिचा मूडच गेला. कड्यावर मी सांगितले तिथे फोटोला उभी राहिली नाही, सूर्य बुडताना समोर न पाहता डावीकडे कुठे तरी बघत राहिली, आणि गाडीत बसल्यावर रडू लागली. विचारले तर 'काही नाही' म्हणाली. रविवारी गाडीतून उतरलीच नाही, आणि तेव्हापासून घरात कामापुरतेच बोलते. मी दारू पीत नाही, खर्चाला मागेपुढे पाहिले नाही. माझे काय चुकले? तिला समुपदेशकाकडे न्यावे का?"

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात चौदा ठिकाणांची नावे आहेत आणि तीन प्रश्न आहेत. त्यांतले शेवटचे दोन तुम्ही मला विचारले आहेत. पहिला तुमच्या पत्नीने तुम्हाला विचारला होता, दोनदा विचारला होता, आणि तुम्ही त्याचे उत्तर दिल्याचा उल्लेख चार पानांत कुठेही नाही. मी पत्र तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा त्या एका ओळीशी अडले.

सुकती किती वाजता असेल? पाहुणा म्हणून समुद्रावर आलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही. तो सूर्यास्ताची वेळ विचारतो, गाडी कुठे लावायची ते विचारतो, पाणी खोल आहे का एवढे विचारतो. ओहोटीची वेळ तोच विचारतो, ज्याला ठाऊक असते की डोळ्यांपुढचा किनारा हा अर्धाच किनारा आहे आणि उरलेला अर्धा पाण्याखाली आहे. त्यातही तिने ओहोटीसाठी 'सुकती' हा शब्द वापरला, जो शाळेच्या पुस्तकातला नव्हे, किनाऱ्यावरच्या घरांतला आहे. बारा वर्षे डिचोलीत संसार केल्यानंतरही पाळोळ्याच्या वाळूवर पाय टेकताच तो तिच्या तोंडी आला. त्या क्षणी तुमची पत्नी तुमच्याबरोबर सहलीला आलेली बाई राहिली नव्हती, ती आपल्या गावच्या समुद्रावर परत आलेली मुलगी झाली होती. तुम्ही घड्याळ पाहत होतात.

पाळोळ्याचा किनारा चंद्रकोरीसारखा आहे आणि त्याच्या उत्तरेच्या टोकाशी एक झाडीचे बेट आहे. भरतीला ते पाण्याने वेगळे होते. ओहोटी पुरेशी उतरली की मधली वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणसे चालत पलीकडे जातात. तिला त्या बेटावरच जायचे होते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. कदाचित तिला खडकांतल्या डबक्यांत काही शोधायचे असेल, कदाचित लहानपणी वडिलांचे बोट धरून ती जिथवर गेली होती ते ठिकाण तुम्हाला दाखवायचे असेल. मला ते ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही, आणि तुमच्या बाबतीत ते मला सहन होत नाही, कारण तुम्ही तिच्या शेजारी उभे होतात आणि 'का गं?' एवढे दोन शब्द विचारायला चाळीस मिनिटे भरपूर होती.

आता एक हिशेब मांडते. कोकणात आणि आपल्याकडे जुनी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरती अंदाजे किती वाजता ते कळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून त्या दिवशी भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, आणि तिथून साधारण सहा तासांनी पाणी सर्वांत खाली. दररोज हे चक्र पाऊण तासाहून थोडे अधिक पुढे सरकते. किनाऱ्या-किनाऱ्यावर थोडा फरक पडतो, पण अदमास चुकत नाही. मी पंचांग काढून पाहिले. तुमचा शुक्रवार अमावास्येचा होता, म्हणजे शनिवार ऐन उधाणातला. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. उधाणाच्या दिवसांत ते जितके वर येते तितकेच मागेही जाते. शनिवारी पाळोळ्याला पाणी सर्वांत खाली गेले असणार ते संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान.

त्या वेळी तुम्ही कुठे होतात? डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो. तुम्ही काब द रामच्या कड्यावर मोबाईल रोखून उभे होतात. पश्चिमेकडे तोंड करून त्या कड्यावर उभे राहिले की डावीकडे दक्षिण येते. दक्षिणेला आगोंद आहे, आणि आगोंदच्या पुढे पाळोळे. 'डावीकडे कुठे तरी' असे तुम्ही लिहिले आहे. ती कुठे तरी बघत नव्हती. कागद, पंचांग, घड्याळ यांतले काही हाती नसताना तिला आतून कळत होते की आत्ता पाणी उतरले आहे, आत्ता वाळू उघडी पडली आहे, आणि आपण काही मैलांवर एका कड्यावर फोटोसाठी उभे आहोत.

मग ती गाडीत रडली, आणि तुम्ही विचारल्यावर 'काही नाही' म्हणाली. दोनदा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ज्याने दिले नाही, त्याला तिसऱ्यांदा ते रडण्याच्या कारणासह समजावून सांगावे एवढे बळ त्या संध्याकाळी तिच्यात उरले नसेल.

कड्यावरच्या फोटोविषयीही एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तुम्ही तिला काठाशी उभे राहायला सांगितले होते असे पत्रावरून वाटते. काब द रामचा कडा जांभ्याचा आहे. जांभा वरून टणक दिसतो, पण खालून लाटांनी आणि वरून पावसाच्या पाण्याने पोखरला जातो, आणि काठाचा तुकडा कधी सुटेल हे त्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. आपल्या किनाऱ्यावर जीवरक्षक पुरवणाऱ्या संस्थेने २०१८ साली सेल्फीसाठी धोक्याच्या म्हणून ज्या २४ जागा जाहीर केल्या, त्यांत काब द राम होते. ती तिथे उभी राहिली नाही हे तिने फार चांगले केले, आणि त्याची तक्रार तुम्ही पुन्हा कधीही, कोणाजवळही करू नका. त्या किल्ल्याविषयी लोक सांगतात की वनवासात राम आणि सीता तिथे येऊन राहिले होते. राहिले होते, वाचक महाशय. पाऊण तासात पाहून निघाले नव्हते.

तुम्ही लिहिता की तुम्ही दारू पीत नाही आणि खर्चाला हात आखडला नाही. हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही. नवरा दारू पीत नाही याबद्दल बायकोने त्याला शनिवारची संध्याकाळ भेट द्यावी असा काही व्यवहार नसतो. आणि खर्च कोणत्या गोष्टीवर झाला? पेट्रोलवर, हॉटेलवर, जेवणावर. तिने मागितलेल्या गोष्टीला एक पैसाही लागत नव्हता. लागत होता दीड-दोन तासांचा वेळ, तोही वाळूवर नुसते बसून राहण्याचा. तिला समुपदेशकाकडे न्यावे का, असे विचारता. नेऊ नका. तिला काहीही झालेले नाही. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला किनाऱ्यावर नेऊन, पाणी उतरायच्या आधी उठवून गाडीत बसवले, तर त्याने दुसरे काय करावे?

माझे बालपण तेरेखोलच्या मुखाशी, केरीला गेले. आमची आजी सकाळी उठल्यावर दिनदर्शिकेपाशी जाऊन तिथी पाही, बोटांवर पाऊणपट मोजे, आणि मग त्या दिवशी घरातली कामे कोणत्या क्रमाने होणार ते ठरे. पाणी उतरले की आम्ही तिच्या मागून नदीच्या मुखाशी जात असू. ती वाकून पाहत नसे. तळपायाने चाचपडत चाले, आणि पायाखाली तिसरी, म्हणजे वाळूत रुतलेला शिंपला, लागली की अंगठा दाबून तिथेच थबके. मी तिच्याएवढी झाल्यावरही मला ते कधी नीट जमले नाही, पण अजूनही ओल्या वाळूवर बारक्या कुर्ल्यांनी बिळांभोवती मांडलेल्या गोळ्यांची नक्षी दिसली, की माझे पाऊल आपोआप हलके पडते, ती नक्षी मोडू नये म्हणून. लग्नानंतर कितीतरी वर्षे मी फोंड्यात राहिले. तिथे कोणालाच सुकतीची वेळ लागत नसे आणि मलाही ती कोणी विचारली नाही. अशा वर्षांत शब्द विसरत नाहीत. ते बोलायला कोणी मिळत नाही एवढेच होते. तुमची पत्नी बारा वर्षांनी तो शब्द बोलली आणि तुमच्याशी बोलली, म्हणून हे इतके लिहिते आहे.

आता काय करायचे ते सांगते, आणि दुसरा पर्याय देत नाही. तेरा ठिकाणे विसरा. तुम्ही दोघे पुन्हा एकट्या पाळोळ्याला जा आणि तिथे एक रात्र मुक्काम करा. केव्हा जायचे ते तुम्ही ठरवायचे नाही. आज रात्री जेवण झाल्यावर भिंतीवरची दिनदर्शिका काढून तिच्यापुढे ठेवा आणि तिचाच प्रश्न तिला विचारा: सुकती केव्हा? ती पौर्णिमा किंवा अमावास्या दाखवील, नाहीतर त्याच्या लगतचा दिवस. तो कामाचा दिवस निघाला तर रजा टाका. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. अधिक उतरणारी ओहोटी पहाटेची असली तर पहाटे उठा, आणि म्हणूनच रात्रीचा मुक्काम सांगितला आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो आणि त्यांत मुरगावच्या वेळा मिळतात, त्या जाण्यापूर्वी पाहून घ्या. किनाऱ्यावर पोचल्यावर होडीवाल्याला आणि जीवरक्षकाला पाण्याविषयी विचारा. लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल घालू नका, आणि त्या दिवशी बेट राहिले तर राहू द्या.

जाण्याआधी तिच्याकडून माफीची, रडण्याच्या कारणाची किंवा 'आता राग गेला ना' या प्रश्नाच्या उत्तराची अपेक्षा करू नका. क्षमा मागायची असेल तर ती वाळूवर बसून, पाणी उतरत असताना मागा. तोवर तुम्हाला नेमके कशाबद्दल मागायची तेही कळलेले असेल. मोबाईल गाडीत ठेवा. पाणी खूप हळू उतरते. पहिल्या अर्ध्या तासात काहीच घडत नाही असे तुम्हाला वाटेल आणि हात घड्याळाकडे जाईल, म्हणून घड्याळही गाडीतच ठेवा. मग एखादा खडक, जो आधी नव्हता, तो दिसू लागेल. ती उठेल तेव्हा उठा, ती चालेल तिच्या मागून चाला, आणि ती कुठे नेते आहे ते वाटेत विचारू नका. परतताना मात्र एक लक्षात ठेवा: पाणी चढताना उतरण्याइतकाच वेळ घेते, पण मधली खोलगट जागा आधी भरते आणि नवख्याला ते उशिरा समजते. तिने 'चला' म्हटले की अर्धे वाक्यही पुरे न करता निघा.