डिस्ने वर्ल्डचं हॉटेल आणि स्क्वेअर फुटाचा भाव

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नोव्हेंबरच्या शाळेच्या सुट्टीत सासू-सासरे, आम्ही दोघं आणि ११ व ६ वर्षांची मुलं असे सहा जण ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला पाच रात्री जाणार आहोत. डिस्नेच्याच हॉटेलांतले तीन पर्याय काढलेत, भाडं करासकट. पॉप सेंच्युरीत २६० स्क्वेअर फुटांच्या दोन खोल्या, २,५८८ डॉलर. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमध्ये ५६५ स्क्वेअर फुटांचा फॅमिली स्वीट, ३,६०० डॉलर. ओल्ड की वेस्टमध्ये १,३३३ स्क्वेअर फुटांचा टू-बेडरूम व्हिला, ५,९६३ डॉलर. स्क्वेअर फुटाचा दर काढला तर व्हिलाच सगळ्यात स्वस्त! नवरा म्हणतो, आई-बाबा पुण्याहून पहिल्यांदाच येतायत, हात आखडता नको. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सहलीसाठी ९,००० डॉलर बाजूला आहेत (चार दिवसांच्या सहा तिकिटांचे ३,६६० आणि विमानाचे १,२०० त्यातच), वरचे कार्डावर टाकून मार्चच्या बोनसमधून फेडू. डॅलसहून दीर, जाऊ आणि त्यांचं बाळ येण्याची शक्यता आहे, पण नक्की नाही. आणि डिस्नेची व्हेकेशन क्लब मेंबरशिप घ्यावी का?

उत्तर: ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे. पॉप सेंच्युरी फुटाला सुमारे ५ डॉलर, स्वीट ६ डॉलर ३७ सेंट, व्हिला साडेचार डॉलरच्या आत. पुण्यात फ्लॅट घेताना आपण असाच दर काढतो आणि तिथे ते योग्यच असतं, कारण तो फूट उद्या विकता येतो. हॉटेलचा फूट सहाव्या दिवशी सकाळी अकराला परत करायचा आहे. त्यामुळे सरासरी दर बाजूला ठेवा आणि वरच्या प्रत्येक पैशाला काय मिळतंय ते बघा.

आधी स्वीट निकालात काढू, कारण तो सोपा आहे. पॉपच्या दोन खोल्या मिळून ५२० फूट, स्वीट ५६५. म्हणजे ४५ फूट जास्त आणि १,०१२ डॉलर जास्त. या ४५ फुटांचा भाव झाला साडेबावीस डॉलर. बाथरूम दोन्हीकडे दोन. स्वीटमध्ये मायक्रोवेव्ह आणि छोटं सिंक आहे, पॉपमध्ये नाही, एवढं त्याच्या बाजूने. पण स्वीटमध्ये दार लावून घेता येईल अशी बेडरूम एकच. उरलेले चौघं बाहेरच्या खोलीत, एक जोडी सोफा-बेडवर आणि एक जोडी जेवायच्या टेबलाचा पलंग होतो त्यावर. सासू-सासरे बेडरूममध्ये गेले की तुम्ही दोघं मुलांबरोबर बाहेर. मुलं झोपली की दिवा बंद, आवाज बंद. पॉपमध्ये मधलं दार लावलं की दोन स्वतंत्र घरं.

मग स्वीट इतका महाग का? कारण तिथे सहा जण एका बुकिंगमध्ये बसतात. या वर्गातल्या साध्या खोलीत डिस्ने चार जणांनाच राहू देतं, तीन वर्षांखालचं बाळ तेवढं वरचं चालतं. पाच-सहा जणांच्या कुटुंबांना पूर्वी दोन खोल्या घेण्यावाचून फारसा इलाज नव्हता. पॉप सेंच्युरी २००३ साली उघडलं, पण तळ्यापलीकडचा त्याचा अर्धा भाग वर्षानुवर्षं अर्धवट पडून होता. त्याच जागेवर २०१२ साली आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन उभं राहिलं आणि त्यातल्या १,९८४ पैकी १,१२० खोल्या मुद्दाम फॅमिली स्वीट केल्या. तुम्ही भाव फुटांचा देत नाही, ‘सगळे एकत्र’ या सोयीचा देता. मधलं दार असलेल्या दोन खोल्यांत ती सोय जवळजवळ तेवढीच मिळते.

फुटांवरून अंदाज किती फसतो याचं एक उदाहरण देतो. डिस्नेच्या सगळ्यात महागड्या हॉटेलांपैकी एक म्हणजे ग्रँड फ्लोरिडियन. तिथली साधी खोली साधारण ४४० फुटांची, पाच जणांसाठी. ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल पार्कच्या स्वस्तातल्या सर्फसाइड हॉटेलात टू-बेडरूम स्वीटही ४४० फुटांचाच, आणि त्यात सहा जण. क्षेत्रफळ तेच, भाड्यात जमीन-अस्मानाचा फरक. भाडं ठरतं ते पार्क किती जवळ, लॉबी कशी, मोनोरेल दारात येते का यावर. खोलीचं माप त्यात बरंच खाली येतं.

आता व्हिला. तुमचा खरा जीव तिथे अडकलाय आणि तो उगाच नाही. ओल्ड की वेस्टच्या खोल्या डिस्नेत ऐसपैस म्हणूनच ओळखल्या जातात. पूर्ण स्वयंपाकघर, वॉशर-ड्रायर, बाल्कनी. सासूबाईंना सकाळी स्वतःच्या हातचा आलं घातलेला चहा मिळेल, आणि सहलीत याची किंमत कमी नसते हे मला मान्य आहे.

पण पॉपपेक्षा ३,३७५ डॉलर जास्त द्यायचे आहेत. ते कुठून वसूल होतील? पॉपच्या फूड कोर्टात सहा जणांचा नाश्ता रोज सत्तर-ऐंशी डॉलरला जाईल. व्हिलात तोच किराणा आणून केलात तर पाच दिवसांत तीनेकशे डॉलर वाचतील. त्यातलेही निम्मे पॉपमध्ये वाचू शकतात, कारण खोलीत फ्रिज आहे आणि दूध, केळी, सिरियल ठेवायला तो पुरतो. कपडे धुण्याचे दहा-वीस डॉलर. म्हणजे तीन हजारांच्या आसपास रक्कम निव्वळ जागेसाठी.

ती जागा तुम्ही वापरणार किती? झोपेचे तास धरू नका, झोपलेल्या माणसाला हॉल किती मोठा ते कळत नाही. पार्कच्या दिवशी सकाळी तासभर, रात्री दीड तास, असे पाच दिवसांत बारा-तेरा तास. सासू-सासरे दोन दिवस मागे राहून आराम करतील असं धरलं (आणि ते धराच, त्याबद्दल पुढे) तर आणखी बारा. एकूण पंचवीस तास. ३,३७५ भागिले २५ म्हणजे तासाला १३५ डॉलर. एवढ्या पैशांत त्या दोघांना रोज संध्याकाळी चांगल्या हॉटेलात जेवायला नेता येईल आणि वर पैसे उरतील.

आणि गुडघे! ओल्ड की वेस्टच्या बहुतेक इमारतींना लिफ्टच नाही. मोजक्या इमारतींना आहे, पण तिथलाच किंवा तळमजल्यावरचा व्हिला मिळेल याची खात्री करून घ्यावी लागेल. परिसर अवाढव्य, आतल्या आत बसचे थांबे अनेक. १,३३३ फूट घेऊन सासूबाई जिने चढणार असतील तर तो थाट त्यांच्यासाठी नाही, फोटोंसाठी आहे.

तिकिटांकडे तुम्ही पुरेसं पाहिलेलं नाही असं दिसतं. चार दिवसांची सहा तिकिटं तुम्ही ३,६६० डॉलर धरलीत, म्हणजे पॉपच्या भाड्यापेक्षाही जास्त. डिस्नेत दहा वर्षांपासून मोठ्यांचं तिकीट लागतं, त्यामुळे थोरल्यालाही सवलत नाही. आता विचारा, सत्तरीतले सासरे आणि गुडघेदुखीच्या सासूबाई चार दिवस सकाळी आठ ते रात्री नऊ उन्हात चालणार आहेत का? त्यांच्यासाठी दोन दिवसांची तिकिटं काढा. जास्त दिवसांच्या तिकिटात दर दिवसाचा भाव उतरत जातो, म्हणून बचत निम्मी होणार नाही, पण दोघांचे मिळून पाचेकशे डॉलर सहज सुटतील. उरलेल्या दोन दिवसांत ते सावकाश उठतील, तळ्याकाठी बसतील, स्कायलायनरने फिरतील. ही केबल कार पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनच्या मधल्या तळ्यावरूनच सुटते, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांच्या दारापर्यंत जाते आणि तिच्यात बसायला पार्कचं तिकीट लागत नाही. व्हीलचेअर असेल तर चढायला थांबलेली केबिन मिळते. संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्जला बसने जाता येतं, तिथेही प्रवेश मोफत.

त्या पाचशेतून पॉपमध्ये ‘प्रेफर्ड’ वर्गाच्या, म्हणजे लॉबीजवळच्या, दोन खोल्या घ्या, खोलीमागे रोजचे पंचवीस-तीस डॉलर जास्त देऊन. पॉप सेंच्युरीत २,८८० खोल्या आहेत, लांबची इमारत मिळाली तर नुसतं लॉबीपर्यंत पोचताना दमछाक होते. तुम्हाला जास्तीचे पैसे टाकायचेच असतील तर फुटांवर टाकू नका, अंतर कमी करण्यावर टाका. मधल्या दाराच्या खोल्या बुकिंग करतानाच मागून घ्या, चेक-इनला गेल्यावर बघू असं नको. एक कमीपणा आधीच सांगतो: खोलीत एक क्वीन पलंग कायमचा आणि दुसरा भिंतीतून खाली ओढायचा. तो ओढला की टेबल गायब. सासू-सासऱ्यांच्या खोलीत तो बंदच राहील, त्यामुळे त्यांना २६० फुटांत प्रशस्त वाटेल. खेळ तुमच्या खोलीत.

आता ९,०००चा मेळ. पॉप २,५८८, तिकिटं ३,६६०, नेवार्कहून विमानाचे तुम्ही धरलेले १,२००, खाण्यापिण्याचे १,२००. एकूण ८,६४८. तिकिटांतली बचत आणि प्रेफर्डचा खर्च धरूनही तुम्ही आतच राहता. व्हिला घेतलात तर खाण्याचे तीनशे कमी करूनही साधारण ११,७००, म्हणजे २,७०० कार्डावर. नवरोबांना सांगा, व्याज हा इथला मोठा प्रश्न नाही. एकवीस टक्क्यांनी धरलं तरी महिन्याला पन्नासच्या आत. प्रश्न हा की मार्चचा बोनस अजून हातात नाही आणि तुम्ही तो नोव्हेंबरात खर्च करताय. ‘कंजुषी नको’ हे मला पटतं. पण सासरे तुम्हाला पहिल्याच दिवशी ‘रात्रीचं भाडं किती?’ विचारणार, आणि मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करून उरलेले चार दिवस गप्प बसणार. आपल्याकडच्या वडिलांना थाट दाखवायला जावं तर ते हिशेब मांडतात.

या सगळ्याआधी एक खर्च, ज्याचा पत्रात उल्लेखच नाही: सासू-सासऱ्यांचा व्हिजिटर मेडिकल इन्शुरन्स. फक्त ऑरलँडोच्या आठवड्यापुरता नाही, अमेरिकेतल्या पूर्ण मुक्कामाचा. ठरावीक रकमा देणाऱ्या स्वस्त पॉलिसीपेक्षा काँप्रिहेन्सिव्ह (प्रत्यक्ष बिलाचा मोठा भाग भरणारी) घ्या आणि जुन्या आजाराच्या अचानक बळावण्याबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. हे पैसे ९,००० मधून नकोत, वेगळे काढा.

तारखेबद्दल थोडं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक संघटनेच्या अधिवेशनामुळे आपल्या राज्यातल्या शाळा बंद असतात आणि निम्मं न्यू जर्सी ऑरलँडोत उतरतं. ऑरलँडोत त्याला ‘जर्सी वीक’ असंच नाव पडलंय. मुलांच्या शाळेला चालत असेल तर दोन दिवस पुढे-मागे करून भाडं पुन्हा बघा. नाही जमलं तर सोडून द्या, दोन दिवसांची शाळा बुडवायला मी सांगणार नाही.

मेंबरशिपचं उत्तर: नाही. १९९१पासून चालू असलेली ही योजना म्हणजे शेवटी टाइमशेअरच, दरवर्षी काही दिवस राहायचा हक्क आगाऊ विकत घेणं. मोठी रक्कम आधी, दरवर्षी वाढत जाणारे ड्यूज (देखभालीचा वार्षिक खर्च) नंतर, आणि करार कायमचा नाही. ओल्ड की वेस्ट हे याच क्लबचं हॉटेल, त्याचे बरेचसे करार २०४२ साली संपतात. दर दोन वर्षांनी न चुकता डिस्नेला जाणाऱ्या कुटुंबाचं गणित वेगळं असू शकतं. तुमच्या सुट्ट्या पुण्याला जातात, आणि जायलाच हव्यात. पार्कमध्ये क्लबचे स्टॉल दिसतील, गोड बोलून बसवतील, मुलांना घेऊन पुढे चला. मेंबरकडून पॉइंट (त्याचा राहायचा हक्क) भाड्याने घेऊन तोच व्हिला स्वस्तात मिळतो असंही कोणी सांगेल. मिळतो, पण असं बुकिंग बहुधा रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. आई-वडिलांचा व्हिसा, तब्येत, विमान यांतलं काहीही पुढे-मागे होऊ शकत असताना हे नको.

राहिला दिरांचा प्रश्न, आणि माझं मत बदलू शकेल अशी जागा हीच. ते तिघं आले तर नऊ जण होतात. पॉपच्या तीन खोल्या ३,८८२ डॉलर, व्हिला ५,९६३, आणि व्हिलात नऊ जणांची झोपायची सोय आहे. फरक २,०८१, दोन कुटुंबांत वाटला तर तुमच्या वाट्याला १,०४० वरचे. नऊ माणसं दोन बाथरूममध्ये सकाळी सातला कशी आवरणार हा भाग आहेच, पण दोन भावांची घरं आई-वडिलांसोबत एका हॉलमध्ये पाच रात्री, आणि एक दिवस सगळ्यांनी पार्कला बुट्टी मारून घरीच पिठलं-भात, यासाठी मी हजार डॉलर खर्च करू देईन. अट दोनच: लिफ्टची इमारत किंवा तळमजला पक्का, आणि दिरांचा वाटा आधी खात्यात. बाळ तीन वर्षांखालचं असेल तर त्याला पार्कचं तिकीटही लागत नाही.

म्हणून आज पॉपच्या दोन खोल्या नुसत्या खोल्या म्हणून बुक करा, तिकिटांच्या पॅकेजशिवाय. एका रात्रीची रक्कम भरावी लागते आणि मुक्कामाआधीच्या ठरलेल्या मुदतीत रद्द केल्यास ती परत मिळते. दिरांना सप्टेंबरअखेरची मुदत द्या. तोवर व्हिलाचा भाव आठवड्यातून एकदा बघत राहा, डिस्ने अधूनमधून सवलती काढतं.