मुलीला इंजिन चालवायचंय, काय शिकवू?

प्रश्न : मुलगी यंदा दहावी झाली. लोको पायलट व्हायचं म्हणते. आयटीआय, डिप्लोमा की पुढे इंजिनिअरिंगची पदवी? – एक आई, मनमाड

उत्तर : ताई, कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. या पदाला चष्म्याविना ६/६ दृष्टी आणि निर्दोष रंगओळख लागते, चष्मा घालवण्याची लेसिक शस्त्रक्रिया केलेलीही चालत नाही. माझी सगळी नोकरी इंजिनावर गेली. लेखी परीक्षा उत्तम दिलेली पोरं मेडिकल तपासणीत नापास होऊन परत जाताना पाहिली की जीव तुटायचा.

डोळे ठीक असतील तर सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करू द्या. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआयही चालतो, पण डिप्लोमावर ज्युनिअर इंजिनिअरचीही परीक्षा देता येते. साताऱ्याच्या सुरेखा यादव कराडला इलेक्ट्रिकल डिप्लोमा करूनच रेल्वेत आल्या, देशातल्या पहिल्या महिला लोको पायलट झाल्या आणि २०२३मध्ये त्यांनी सोलापूर–मुंबई वंदे भारत चालवली. मुलीला हे जरूर सांगा.

इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी वडोदऱ्याचं गतिशक्ती विश्वविद्यालय, म्हणजे रेल्वे-वाहतुकीचं केंद्रीय विद्यापीठ, चांगलंच आहे, पण ती वाट बारावी आणि जेईई या प्रवेश परीक्षेची. आणि ‘कोर्स करा, थेट रेल्वेत लावतो’ म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका. भरती रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेतूनच होते.