परदेशी दुकान आपल्या देशात माल पाठवत नसेल, तर पार्सल फॉरवर्डिंग सेवा वापरावी का?

वापरा, पण वस्तूच्या किमतीआधी खोक्याचं माप बघा. या सेवा तुम्हाला त्या देशातल्या त्यांच्या गोदामाचा पत्ता देतात, दुकान माल तिथे पाठवतं आणि ते पुढे तुमच्याकडे रवाना करतात. इथवर सोपं आहे.

खरा खर्च वाढतो तो आकारमानाच्या वजनामुळे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या हिशेबाने ५०००ने भागायची. म्हणजे ५० × ४० × ३०चं खोकं आत दोन किलोचाच माल असला तरी १२ किलोचं धरलं जातं! म्हणून अनेक खरेद्या एकत्र बांधून घ्या, रिकामी खोकी काढून टाकायला सांगा. पुस्तकं, सुटे भाग यांना ही सेवा परवडते. उशा, मोठी खेळणी यांना सहसा नाही.

कस्टम ड्युटी वेगळी, आणि ती तुम्हालाच भरायची असते. बिलावर किंमत कमी दाखवायला कोणी सुचवलं तर ठाम नकार द्या. पार्सल जप्त होऊ शकतं, आणि हरवलं तर विम्याची भरपाईही त्या कमी किमतीवरच ठरते.

परफ्यूम, नेलपॉलिश, सुट्या लिथियम बॅटऱ्या यांवर विमान वाहतुकीत निर्बंध असतात. मागवण्याआधी सेवेची निषिद्ध वस्तूंची यादी वाचाच.

माल परत करायचा झाला तर उलट्या प्रवासाचं भाडं बहुधा तुमच्याच माथी येतं. त्यामुळे माप चुकण्याची शक्यता असलेले कपडे-बूट मी तरी या मार्गाने मागवत नाही. गोदामात आलेल्या मालाचे फोटो मात्र रवानगीआधी जरूर मागा. चुकीची वस्तू तिथेच पकडली तर परत पाठवणं स्वस्त पडतं.